सडा, घाटी, खाडी : सायकलवरून रत्नागिरी ते कशेळी

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आजोळी शिकलेलं हे गणित मिनिटाला चोख नसतं, पण फिरणाऱ्याला पुरतं. आम्ही निघालो त्या दिवशी माघ शुद्ध तृतीया होती. तिनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे भरती दुपारी सव्वादोनच्या सुमाराला आणि ओहोटी त्याच्या सहा तास अलीकडे, सकाळी सव्वाआठच्या आसपास. अमावास्येचं उधाण अजून पुरतं सरलं नव्हतं, त्यामुळे ओहोटीचं पाणी चांगलंच मागे गेलेलं. काजळी नदीवरचा भाट्याचा पूल ओलांडला, रस्ता सोडला आणि सायकली सरळ पुळणीवर घातल्या.

मी आणि माझा धाकटा भाऊ. दरवर्षी कोकणात येतो, समुद्रात डुंबतो, मासे खातो, झोपतो आणि परत जातो. या वेळी मी त्याला म्हटलं होतं, चार दिवस पाण्यात पाय घालायचा नाही. जमिनीवरून जायचं, स्वतःच्या पायांनी.

ओल्या वाळूवर सायकल चालवायची एक पट्टी असते. लाट नुकतीच मागे गेलेली, अजून चकाकणारी वाळू मऊ असते, तिथे चाक धरतं. वरची कोरडी भुसभुशीत, तिथे तर उतरावंच लागतं. या दोन्हींच्या मध्ये हातभर ते दोन हात रुंदीचा घट्ट पट्टा सापडतो. तो सापडला की चाकाचा आवाजच बदलतो. झरी विनायकाच्या देवळापर्यंत आम्ही त्या पट्ट्यावरून गेलो. वाटेत कुर्ल्या बिळात शिरत होत्या, आणि सूर्य अजून सुरूच्या झाडांच्या मागेच होता. देवळापाशी दोन्ही सायकलींच्या साखळ्या गोड्या पाण्याने धुतल्या, पुसल्या, तेल सोडलं. यात आळस केला तर खारं पाणी दुसऱ्याच दिवशी साखळीवर गंज चढवतं.

मग चढ लागला.

कोकणची किनारपट्टी नकाशावर सरळ दिसते. सायकलवर ती अजिबात सरळ नाही. इथे सह्याद्री आणि समुद्र यांच्यात पन्नास-साठ किलोमीटरचंच अंतर. तेवढ्यात काजळी, मुचकुंदी, अर्जुना या नद्या जांभ्याचा सडा, म्हणजे लाल दगडाचं उघडं पठार, कापत खाली येतात आणि समुद्राला मिळताना खाडी होतात. दक्षिणेकडे जाणारा रस्ता या प्रत्येक खाडीला आडवा जातो. म्हणून सड्यावरून घाटीने खाली, पूल, वाडी, आगर, की पुन्हा घाटीने वर. मोटारीत बसल्यावर हे नुसते वळणाचे रस्ते वाटतात. मांड्यांना मात्र प्रत्येक नदी स्वतंत्र कळते. पहिल्याच चढावर मी सर्वांत हलक्या गिअरवर आले आणि वर पोचेपर्यंत एक शब्द बोलले नाही.

वर पोचलं की सगळं निराळं. खाली नारळी-पोफळीची गर्द सावली, इथे उघडा करडा कातळ, वाळलेलं गवत, मधूनच काजूची झाडं आणि कलमांच्या बागा. हापूसला मोहोर आला होता. त्याचा वास वाऱ्याच्या झुळकेबरोबर येतो नि जातो, त्यामुळे सायकल पुढे जाईल तसा तो पुन्हा पुन्हा नव्याने भेटतो. गाडीच्या काचा लावून हा रस्ता मी किती वेळा केला असेल! तो वास मला एकदाही आला नव्हता, याचं त्या दिवशी खरोखर वाईट वाटलं.

पावस गावाला उतरताना माझ्या सायकलचा मागचा ब्रेक लागेनासा झाला. सायकल भाड्याची; देणाऱ्याने रबरं बघितली नव्हती आणि निघण्याआधी आम्हीही बघितली नाहीत. उरलेली घाटी पायी उतरले. गावात स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचं दर्शन घेतलं, भावाने तोवर दोन दुकानं हिंडून नवी रबरं आणून बसवली. कोकणात सायकलने जाणाऱ्याला एवढंच सांगेन: चढाची काळजी करू नका, ती पायांवर सोडा. उताराची करा.

पूर्णगडाला चार वाजता चढलो. गड लहान आहे आणि वाट गावातूनच जाते, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे, म्हणजे जांभ्याच्या कापलेल्या ठोकळ्यांचे गडगे, मध्ये पाखाडी. पाखाडी म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची वाट. ती अनवाणी चढावी; जांभा खरबरीत असतो, पाय घसरत नाही. दरवाज्याबाहेर मारुती. तटावरून चालत सगळी फेरी मारली, मध्ये मध्ये थांबलो तरी अर्ध्या तासात झाली. मुचकुंदी समुद्राला मिळते ते मुख तटावरून स्वच्छ दिसतं: नदीचं पाणी मातकट, समुद्राचं हिरवं, आणि दोघांमधली रेघ ओहोटीबरोबर बाहेर सरकणारी. खाडीपलीकडे गावखडीचं सुरूबन. मुक्काम तिथेच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरूबनातून चालताना इतकं रमलो की निघायला उशीर झाला. त्यात चढावर भावाचं चाक पंक्चर झालं, सड्यावरचा काटा. कशेळीला पोचेपर्यंत बारा वाजून गेले. इथल्या सड्यावर कातळशिल्प आहे, उघड्या कातळात खोबणीने कोरलेली जुनी आकृती. त्याची वाट ज्यांना विचारली त्या काकू अंगणात सांडगे वाळत घालत होत्या. त्यांनी आमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"उन्हाचे कुठे चाललात? काही दिसायचं नाही आता. पेज घ्या नि पडा जरा."

"काकू, इतक्या लांब आलोय, नुसतं बघून येतो," मी म्हटलं.

"बघा मग. कातळ तापलाय, टोपी घाला."

आम्ही गेलो, आणि काकूंचं खरं ठरलं. डोक्यावर सूर्य असताना कातळावर सावलीच पडत नाही. नुसता एक मोठा तापलेला सपाट दगड, त्यावर कुठे कुठे खोबणी, आणि डोळ्यांपुढे पांढरा झगमगाट. बुटांच्या तळातून चटका लागत होता. वीस मिनिटांत माझं डोकं ठणकायला लागलं. भाऊ म्हणाला, "ताई, चल. हट्ट नको." परत आलो, काकूंनी काही न विचारता उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं समोर ठेवलं. रात्री राहायची सोयही त्यांनीच केली. लहानपणी गुरं घेऊन त्या त्याच सड्यावर जायच्या. "सकाळी जा, सूर्य वर आला की लगेच. नाहीतर सांजेला. तेव्हा तो उठतो," त्या म्हणाल्या. "तो" म्हणजे कातळात कोरलेला हत्ती.

पंचमीला पहाटे निघालो. सायकली हातात धरून चालत गेलो, गवत दवाने ओलं होतं. सूर्य डोंगरामागून वर आला, उजेड कातळाला जवळजवळ समांतर पसरला, आणि काल जिथे काही नव्हतं तिथे रेषा उमटल्या. प्रत्येक खोबणीच्या एका काठावर सावली धरली. सोंड, पाठ, पाय. हा हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. एका जागी उभं राहून तो सबंध बघताच येत नाही, काठाने चालतच बघावा लागतो. आणि त्याच्या अंगात आणखी आकृत्या: जनावरं, पक्षी, मासे. भावाने एक दाखवली आणि म्हणाला, "हे पाकट." पाकट म्हणजे लांब शेपटीचा चपटा मासा; शेपूट बघून मलाही ते पटलं.

मी गप्प उभी राहिले. ज्यांनी हे कोरलं ते समुद्रातलंही ओळखत होते आणि रानातलंही, आणि त्यांनी दोन्ही या सड्यावर आणून ठेवलं. केव्हा, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातली कातळशिल्पं आली, त्यात कशेळी आहे. पण येताना वाटेत चिरेखाणी लागल्या होत्या. सरळ कापलेले, खोल, लाल खड्डे, बाजूला चिऱ्यांच्या थप्प्या. आमचं आजोळचं घरही त्याच चिऱ्याचं आहे, मी चिऱ्याच्या विरोधात कशी बोलू? तरी सड्यावर यंत्र लावण्याआधी कुणीतरी सकाळच्या तिरप्या उन्हात तिथे एकदा चालून यावं, एवढी माझी मनापासूनची मागणी आहे. बाराला येऊन "काही नाही इथे" म्हणणं किती सोपं आहे, हे मी आदल्या दिवशी अनुभवलं होतं.

ऊन चढत गेलं तशा सावल्या आखडल्या. आधी पाकट गेलं, मग पाय, मग सोंड. नऊच्या पुढे पुन्हा नुसता कातळ.

खाली कनकादित्याच्या देवळात आलो. सूर्याचं देऊळ आपल्याकडे विरळाच. इथे काळ्या पाषाणाची आदित्याची मूर्ती आहे, आणि सौराष्ट्राकडून येणारं गलबत इथल्या समुद्रात अडलं म्हणून ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली गेली, अशी कथा सांगतात. गाव जुनं आहे हे मात्र कथेवर सोडायला नको. शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३चा, म्हणजे इ.स. ११९१चा, कशेळीचा ताम्रपट प्रसिद्ध आहे. रथसप्तमी दोन दिवसांवर आली होती. माणसं मांडवाचे वासे बांधत होती, एक आजोबा समया घासत बसले होते.

"थांबा की सप्तमीपर्यंत," ते म्हणाले.

रजा शिल्लक नव्हती. बाटल्या भरून घेतल्या, टायरची हवा दाबून बघितली, मागचा ब्रेक दोनदा ओढून बघितला, आणि आडिवऱ्याच्या रस्त्याला लागलो.