वसईच्या घंटा घाटावर

देवळातली घंटा येईल तो वाजवतो. चर्चची घंटा एकच माणूस साऱ्या गावासाठी वाजवतो. वसईच्या काही घंटांनी या दोन्ही नोकऱ्या केल्या आहेत.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि त्यांच्यामागून फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन अशा कॅथलिक संघांच्या धर्मगुरूंची रांग लागली. किल्ल्यात चर्चं उभी राहिली, बाहेर बागायतीत धर्मग्राम, म्हणजे एकेका चर्चभोवतीच्या वस्त्या, वसले. पहाटेची, दुपारची, संध्याकाळची प्रार्थना, लग्न, मयत, सगळं घंटेवर चाले. कॅथलिक रिवाजात नव्या घंटेला आशीर्वाद देऊन संताचं नावही ठेवतात. म्हणजे तिचा जवळजवळ बाप्तिस्माच.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि विजयाची खूण म्हणून घंटा निघाल्या घाटावर. काशाचं ते ओझं चढणीला लावणाऱ्यांची मला अजूनही दया येते. वाईजवळ मेणवलीत, नाना फडणवीसांच्या वाड्याशेजारच्या नदीघाटावर टांगलेल्या घंटेवर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मारियामाताही. नाशिकच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेवर १७२१. गोदावरीचं पाणी किती चढलं हे नाशिककर आजही त्या घंटेकडे बघून ठरवतात. धर्मांतर म्हणावं तर तक्रार कोणाचीच दिसत नाही. मारियामाता आहे तिथे आहे आणि भाविकही तिच्यासकट घंटा वाजवतात.

इकडे वसईत पोर्तुगीज गेले, ख्रिस्ती माणसं राहिली. ती इथलीच होती, जाणार कुठे? केळी, पानवेली, फुलं पिकवत राहिली. पोर्तुगीज गेल्यावरही दोनशेहून अधिक वर्षं मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्येच होत असे. घंटा कळायची, पुढचं बहुतेकांना पाठ असायचं. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६०च्या दशकात, मिस्सा मराठीत आली. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, पापडीचं चर्च त्याचं मुख्य मंदिर ठरलं. आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाला अध्यक्ष लाभले ते वसईचेच धर्मगुरू, फादर फ्रान्सिस दिब्रिटो. घाटावर या खेपेला वसईहून मराठी गेली, तीही कोणी न जिंकता.

भीमाशंकरला गेलात तर शनीच्या देवळापुढे दोन खांबांमध्ये टांगलेली घंटा बघा. साल १७२९. म्हणजे चर्चची नोकरी तिला जेमतेम दहा वर्षं करायला मिळाली. उरलेली सगळी हयात शंकराकडे.