आमची वाटचाल : कानापासून कोडपर्यंत

वरुडला मोर्शी रोडवर टिनाचं शेड टाकून गॅरेज चालू केलं तेव्हा आपल्याजवळ पाने, फिलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) आणि कान एवढंच सामान. कार्ब्युरेटरच्या गाड्या होत्या, आवाज ऐकला की कळायचं कुठं दुखते ते. मग इंजेक्शनवाल्या, म्हणजे कॉम्प्युटरनं पेट्रोल सोडणाऱ्या गाड्या सेकंडहँडमधे गावात आल्या, डॅशबोर्डवर इंजिनचा बिघाड सांगणारा तो पिवळा लाईट आला आणि आमचा कान बेकार झाला.

कर्ज काढून स्कॅनर घेतला, गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा. वाटलं आता आपण डॉक्टर. तेवढ्यात एका संत्रावाल्या काकाजीची जुनी पेट्रोल गाडी आली, रेस दिली की झटके, मधीच बंद. स्कॅनर म्हणे कोड पी०१२२, थ्रॉटल सेन्सरचं (हवेची झडप किती उघडली ते सांगणारा) व्होल्टेज कमी. सेन्सर बदलला, आठ दिवसांनी गाडी हजर. अख्खी थ्रॉटल बॉडी बदलली, तरी तेच. काकाजी म्हणाले, "काऊन रे भाऊ, एक लाईट विझवाले किती पार्ट लागतेत तुले?" मान खाली घालून पैसे परत केले.

शेवटी वायरिंग सोलली तर सिग्नलची वायर उंदरानं कुरतडलेली, एका तारेवर लटकत होती. गाडी पावसाळाभर कुटाराच्या कोठ्यात उभी, दुसरं काय होणार!

तेव्हा डोक्यात शिरलं, कोड पार्ट नाही सांगत, सर्किट सांगते. या सेन्सरला तीन वायरी, एक ५ व्होल्टची, एक अर्थिंगची, एक सिग्नलची. बहुतेक गाड्यांत रेसवरून पाय काढला की सिग्नल अर्ध्या व्होल्टच्या आसपास, पूर्ण दाबला की साडेचारच्या आसपास. सिग्नलची वायर तुटली की बहुतेक पी०१२२ येते, आणि अर्थिंगची वायर गेली तर उलटं, व्होल्टेज वर चढून पी०१२३. म्हणून आता मीटर आधी, पाना मागून. कपलरच्या (वायरी जोडायच्या प्लगच्या) मागून पिन घालायची, मीटर लावून रेस हळूहळू दाबायची, काटा मधीच उडी मारला तर आतली कार्बनची पट्टी घासली समजा (यासाठी जुना काट्याचाच मीटर बरा, डिजिटलमधे ती उडी सहसा नीट दिसत नाही). पट्टी घासते ती पण सुरुवातीलाच, कारण आपल्या रस्त्यावर पूर्ण रेस देतो कोण?

२०१० च्या आधीच्या कितीतरी गाड्यांना स्वस्तातला ब्लूटूथवाला स्कॅनर जोडलाच जात नाही. जुन्या मारुत्यांत चेकिंगच्या पिनांना जम्पर वायर (जोडणीचा छोटा तुकडा) लावून त्या पिवळ्या लाईटचे ब्लिंक मोजायचे, एक आणि मग दोन म्हणजे १२, सगळं ठीक. पोट्ट्यांना मी आधी हेच शिकवतो, कंटाळतात लेकाचे.

आता चेकिंगचे पैसे वेगळे घेतो. अजूनही कोणी ना कोणी म्हणतेच, "नुसतं पाहाचे पैसे?" मग काकाजींचा तो जुना सेन्सर दाखवतो, चांगला होता, अजून फळीवर पडलाय.