‘चालत नाहीये’ म्हणजे नेमकं काय?

रविवार, रात्री साडेअकरा

आज दुपारी एका अनोळखी मुलाने ऑनलाइन मदत मागितली. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो, आणि खाली एवढंच: ‘कोड चालत नाहीये, प्लीज अर्जंट.’ पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एररचं खरं कारण बहुतेक वेळा शेवटच्या ओळीत असतं, आणि फोटोत नेमकी तीच कापली गेली होती. एरर मजकूर म्हणून पेस्ट करायला सांगितली. ती आल्यावर दोन मिनिटांत उलगडा झाला. त्याने यादीवर सॉर्ट, म्हणजे क्रम लावायची आज्ञा, चालवून जे परत आलं, ते त्याच नावात साठवलं होतं. सॉर्ट यादी जागच्या जागी लावतं आणि परत देतं ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’. पुढच्या ओळीत एकेक घटक घेत लूप फिरवायला यादी उरलीच नव्हती. त्याआधीचा पाऊण तास मात्र नुसत्या विचारपुशीत गेला.

राग आला नाही. अडकलेला माणूस घाबरलेला असतो. पण फोटोतला कोड चालवून बघता येत नाही, पुढे कुणाला शोधून सापडत नाही, आणि मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर वाचणाऱ्यासाठी तर तो नसल्यातच जमा.

मी विचारण्याआधी कोड छाटते. दोनशे ओळींतून एकेक तुकडा काढायचा, प्रत्येक वेळी चालवायचा, चूक अजून येते का बघायचं. दहा-बारा ओळी उरतात. कितीदा तरी छाटता छाटताच चूक हाती लागते आणि प्रश्न टाकायची वेळच येत नाही. पासवर्ड, एपीआय की (एखादी सेवा कोडमधून वापरायची गुप्त किल्ली) वगैरे काढायचं ते इथेच. अशी किल्ली एकदा टाकली, तर नंतर पुसली तरी ती गेलीच समजायची आणि बदलायची.

मूळ काम काय आहे तेही सांगायला हवं. मागे एकाने विचारलं होतं, ओळ स्वल्पविरामावर तोडायची, पण अवतरणचिन्हांतला स्वल्पविराम सोडायचा, तर रेजेक्स (मजकुरातला ठरावीक साचा शोधायचं सूत्र) कसा लिहू? तिघांनी तीन रेजेक्स दिले. शेवटी कळलं की तो सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला तक्ता, वाचत होता. त्यासाठी पायथनमध्ये तयार मोड्यूल, म्हणजे आयता कोड, आहे.

१९९५ च्या आरएफसी १८५५ या इंटरनेटविषयीच्या दस्तऐवजात नेटवरच्या शिष्टाचाराचे नियम आहेत. लिहिण्याआधी एक-दोन महिने नुसतं वाचत राहा, असं त्यात सांगितलंय. इतका धीर आज कोण धरणार! पण आधीचे दहा प्रश्न तरी वाचावेत. आणि उत्तर देणाऱ्यांनी ‘गूगल कर’ म्हणून नवख्याला हाकलू नये, हेही मला तितकंच मनापासून वाटतं. शोधायला नेमका शब्द लागतो, आणि तोच त्याच्याकडे नसतो.

सगळ्यात जास्त मनाला लागतं ते नुसतं ‘सुटला, धन्यवाद’. जुना प्रश्न सापडावा, एरर अक्षरशः आपलीच असावी, आणि खाली फक्त एवढं असावं; कसा सुटला ते नाहीच.

माझाही असा एक प्रश्न आहे, हे आज जेवताना आठवलं. आत्ता तो उघडला आणि खाली लिहिलं: ‘माझ्या फाइलचं नाव मी जेसन डॉट पाय (json.py) ठेवलं होतं. त्यामुळे पायथन स्वतःचं जेसन मोड्यूल सोडून माझीच फाइल उचलत होता. नाव बदललं, चाललं.’