दीडशे पावलं

आमच्या कोपऱ्यावरच्या बसथांब्यापासून नाल्याकडच्या गल्लीतल्या पहिल्या भाजीच्या गाडीपर्यंत १५३ पावलं होतात. दोनदा मोजली आहेत. ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे कुणी ‘जवळच तर आहे’ म्हणालं की मला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. आईला काठी टेकत तेवढंच अंतर जायला दोनशेच्या वर पावलं लागतात आणि मध्ये एकदा थांबावं लागतं.

या १५३ पावलांना कारण मी आहे, म्हणून हे लिहितेय.

आम्ही कोथरूडला राहतो, डहाणूकर कॉलनीच्या बाजूला. गेल्या जुलैत आई संध्याकाळी खालच्या मेडिकलमध्ये निघाली होती. वय ८१, पण ‘मला कुणी सोबत नको’ हे ठरलेलं. फुटपाथवर ओळीनं सात हातगाड्या. भाजी, केळी, कणसं, मोजे-रुमाल, परत भाजी. त्यात पाऊस, त्यामुळे प्रत्येक गाडीवर निळा कागद ताणलेला आणि त्याचं पाणी नेमकं चालणाऱ्याच्या मानेवर. दोन गाड्यांच्या मधल्या फटीत कुणीतरी दुचाकी घुसवलेली. आई फुटपाथवरून खाली उतरली, स्कूटरचा आरसा तिच्या कोपराला लागला आणि ती खाली बसली. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाड्या लागायच्या आत, मी टेप घेऊन खाली गेले. फुटपाथ ८ फूट. गाडी साडेतीन. गाडीपुढे उभं राहणारं गिऱ्हाईक, पिशवीसकट, दोन. चालायला उरले अडीच. इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था, तिच्या मानकात चालायला किमान १.८ मीटर मोकळे हवेत, म्हणजे जवळजवळ ६ फूट. हे सगळं फोटोंसकट महापालिकेकडच्या तक्रारीत घातलं. तक्रार उत्तम होती, स्वतःची म्हणून सांगत नाही.

पुढचं सगळं रीतसर झालं. गाडीवाल्यांना तीस दिवसांची नोटीस मिळाली. गणपतीत कुणाचा धंदा बुडू नये म्हणून थोडं थांबलेही. मग गल्लीत भिंतीलगत पांढरे पट्टे मारले, पट्ट्यांवर नंबर घातले आणि सातही गाड्या आत गेल्या. आरडाओरडा नाही, जप्ती नाही. मला वाटलं, तक्रार करावी तर अशी.

आठ दिवसांनी रिकाम्या फुटपाथवर अकरा दुचाक्या होत्या. त्यातल्या दोन आमच्याच सोसायटीतल्या. आई परत खाली उतरूनच मेडिकलमध्ये गेली, ह्या वेळी माझ्या हाताला धरून.

त्या सातांतली एक भाजीची गाडी आमच्या मावशींची. वयानं माझ्याहून लहान आहेत, पण गाडीवर सगळेच त्यांना मावशी म्हणतात. अकरा वर्षं आमच्या घरची पालेभाजी त्यांच्याकडची. ऑक्टोबरात मी पहिल्यांदा आत गल्लीत गेले, तोवर मोबाईलवरून मागवत होते आणि आई दर वेळी ‘ही मेथी आहे की गवत?’ असं विचारत होती. साडेसात वाजले होते. मावशी स्टुलावर बसून कोथिंबिरीवर पाणी मारत होत्या. पैसे आल्यावर बोलणारा तो छोटा डबा त्यांच्या काट्याशेजारी असतो. पूर्वी या वेळेला त्याची नुसती बडबड चालायची: वीस रुपये प्राप्त झाले, पंधरा रुपये प्राप्त झाले.

“बघा की ताई,” त्या म्हणाल्या, “डबा मुका झालाय.”

मग त्यांनी जे सांगितलं, ते मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. त्या पहाटे चारला तिघी मिळून टेम्पो करून गुलटेकडीला मार्केट यार्डात जातात. पालेभाजीचा भाव तिथे शेकड्यावर निघतो. शंभर जुड्या उचलल्या तर परवडतं. तीसच हव्या असतील तर दुसऱ्याच्या शेकड्यातून, त्याच्या भावानं घ्याव्या लागतात. टेम्पोचं भाडं मात्र तेवढंच. म्हणजे गिऱ्हाईक अर्धं झालं की नफा अर्धा होत नाही, जवळजवळ संपतो. बटाटा उद्या विकता येतो. मेथी उद्या पिवळी पडते.

आणि गिऱ्हाईक अर्धं का झालं? बसमधून उतरलेला माणूस भाजी आणायला निघालेला नसतो, तो घरी निघालेला असतो. वाटेत मेथी दिसते, घरी काही नाहीये हे आठवतं, तो थांबतो. सहा ते नऊ, एवढाच धंदा. १५३ पावलं आत जाऊन भाजी घ्यायचं कुणी ठरवलंच, तर तो सुपरमार्केटलाच जाईल, तिथे एसी असतो. मावशींचं भांडवल त्या बसथांब्यासमोरची सहा फूट जागा होतं. गाडी आणि काटा त्यानंतर. २०२० साली पथविक्रेत्यांना कर्ज देणारी पीएम स्वनिधी योजना आली तेव्हा त्यांनी दहा हजारांचं पहिलं कर्ज घेतलं, फेडलं, मग वीस हजारांचं घेतलं. त्याचा हप्ता अजून चालू आहे, आणि तो ठरला होता थांब्यासमोरच्या विक्रीवर.

घरी येऊन मी कायदा वाचला. खरं तर तक्रार करण्याआधी वाचायला हवा होता, पण तेव्हा मी टेप घेऊन खूश होते. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ चा आहे. दर पाच वर्षांत एकदा तरी पाहणी करायची, प्रभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं, विक्रेत्यांच्या जागांबद्दल ठरवणाऱ्या शहर समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, त्यात एक तृतीयांश बायका. (२०११ च्या जनगणनेत पुणे महापालिका हद्दीची लोकसंख्या ३१ लाखांवर होती. अडीच टक्के काढून बघा, मी काढले: ७८ हजार. एवढ्या लोकांना जागा द्यायची तयारी आपल्यापैकी कुणाचीच नाही, माझी तर नव्हतीच.) जिथे विकणारे आणि घेणारे आपसूक जमत आले, त्याला कायद्यात ‘नैसर्गिक बाजार’ असं नाव आहे. आणि शेवटी जोडलेल्या दुसऱ्या अनुसूचीत म्हटलंय की स्थलांतर शक्यतो टाळावं, करावंच लागलं तर विक्रेत्यांना विचारात घ्यावं, आणि नव्या जागी त्यांची कमाई निदान पूर्वीइतकी तरी व्हावी.

ती ओळ वाचल्यावर मी चहा करायला उठले.

पण दुसरी बाजूही आहे. १९८९ साली सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की रस्त्याच्या कडेला व्यवसाय करणं हा वाजवी बंधनांसह मूलभूत हक्क आहे; मात्र अमुकच जागा माझी, असा हक्क कुणाला नाही. कागदावर दोन्ही वाक्यं नीट बसतात. मेथी विकणाऱ्या बाईला ती एकमेकांत बसवून दाखवा म्हटलं तर अवघड आहे. धंद्याचा हक्क आहे, थांब्यासमोरचा नाही, आणि धंदा तर थांब्यासमोरच होतो.

हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, “मंडईचं काय झालं मग?” तिचं माहेर शुक्रवार पेठेतलं, त्यामुळे जगातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मंडईत असतं. ह्या वेळी खरंच होतं. शनिवारवाड्यासमोर उघड्यावर बसणारा बाजार छपराखाली न्यायचा म्हणून ती अष्टकोनी इमारत उभी राहिली, १८८६ साली, आणि तिला गव्हर्नर रे साहेबाचं नाव दिलं. इमारतीचा बेत चालू होता तेव्हा जोतीराव फुले नगरपालिकेचे सदस्य होते, १८७६ ते १८८२. हा पैसा बाजाराच्या इमारतीपेक्षा शिक्षणावर घाला, असं म्हणून त्यांनी विरोध केला होता. पुढे त्याच इमारतीला त्यांचं नाव लागलं. आता संध्याकाळी तिथे जा. आत गाळे आहेत, आणि बाहेर जमिनीवर कापड अंथरून लिंबं-मिरच्यांचे वाटे लावून माणसं बसलेलीच आहेत. आई लहानपणीही बाहेरच्यांकडूनच घ्यायची. ‘आत कोण जातंय, बाहेर स्वस्त.’

पुढच्या खेपेला मी मावशींना सांगून टाकायचं ठरवलं. दोन वाक्यं जुळवून गेले होते. त्यांनी पहिलंसुद्धा पुरं होऊ दिलं नाही.

“आज्जी पडल्या आन् त्याच आठवड्यात मापं घेत फिरत होता तुम्ही. मला काय कळत न्हाई व्हय?” वांगी पिशवीत टाकता टाकता त्या म्हणाल्या. “आज्जींच्या जागी माझी आई असती तर मी बी केली असती तक्रार. पर गाडी मोठी झाली म्हणून माणूसच हलवायचं, ह्ये कुठलं? मला गाडी नको. दोन फुटांची पथारी द्या, टोपल्या मांडते. जागा तेवढी तीच द्या.”

घरी आल्यावर हिशेब केला. ८ वजा २, उरले ६. मानकाइतके. पण गिऱ्हाईक धरायला हवं, ते माझ्याच तक्रारीत लिहिलंय. मग ४ उरतात. मानक बसत नाही, आई काठीसकट बसते. दुचाक्या वर चढू नयेत म्हणून कडेला खांब हवेत, तेही अर्जात घातलं. सातपैकी पाच जण टोपलीला तयार झाले. कणीसवाल्याची शेगडी टोपलीत मावत नाही. मोजे-रुमालवाल्यानं अजून ठरवलेलं नाही. त्याला गल्लीत सावली आवडली आहे, तो खूश आहे.

सोमवारी मी आणि मावशी क्षेत्रीय कार्यालयात गेलो. त्यांनी ओळखपत्र आणि प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलं होतं. खिडकीपलीकडच्या मुलानं माझा मोबाईल नंबर घातला, पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“मॅडम, जुलैची तक्रार तुमचीच ना? ती तर निकाली निघाली.”

“हो.”

“मग आता नक्की काय हवंय?”

“चार फूट,” मी म्हणाले.

त्यानं अर्ज उलटून पाहिला, मागची आकृती जरा वेळ न्याहाळली, आणि आवकचा शिक्का मारला.