बुरशी फ्लेमिंगची, बाकीचं बाकीच्यांचं

लॅबमध्ये नवे विद्यार्थी आले की कुणीतरी पेनिसिलीनची, म्हणजे बुरशीतून मिळालेल्या जंतुनाशक औषधाची, गोष्ट सांगतंच. अलेक्झांडर फ्लेमिंग सुट्टीवरून परतला, बशीत बुरशी दिसली, तिच्याभोवतीचे जंतू मेलेले, आणि झालं! मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. नको त्या बशीत बुरशी उगवणं आमच्याकडे नेहमीचंच. आम्ही तोंड वाकडं करतो आणि बशी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेनं जंतू मारणाऱ्या यंत्रात, टाकतो. फ्लेमिंग थांबला, त्याने नीट पाहिलं, १९२९ मध्ये त्यावर लेखही लिहिला. हे मोठंच काम. पण त्या लेखानं औषध तयार झालं नाही.

अडलं कुठे? बुरशीच्या रसात काम करणारा पदार्थ होता अगदीच थोडा, आणि तो वेगळा काढायला गेलं की नासायचा. फ्लेमिंग जंतूंचा माणूस, हे कोडं रसायनाचं. सुमारे दहा वर्षं ते जवळजवळ तसंच पडून राहिलं.

ते पुन्हा हातात घेतलं ऑक्सफर्डमध्ये, हॉवर्ड फ्लोरीच्या विभागात. १९३८ च्या सुमारास जुने लेख चाळताना अर्न्स्ट चेनला फ्लेमिंगचा लेख सापडला. चेन जीवरसायनशास्त्रज्ञ, हिटलरच्या जर्मनीतून निघून आलेला. फ्लोरी प्राण्यांवरच्या प्रयोगात मुरलेला आणि पैसे उभे करण्यात चिवट. आणि तिसरा नॉर्मन हीटली, माझा लाडका. मिळेल त्या वस्तूतून उपकरण उभं करणारा.

रस थंड करून आम्लधर्मी केला की पेनिसिलीन पाण्यातून ईथर या द्रावकात जातं, हे कळलं होतं. पण ईथरमधून ते धड बाहेर निघेना. हीटलीनं सुचवलं, किंचित अल्कधर्मी पाण्यात परत घेऊन बघू. चेनला ते पटलं नाही. इतकी साधी युक्ती कशी चालेल? चालली. ज्यांनी सेपरेटिंग फनेल (न मिसळणारे द्रव वेगळे करायचं, खाली तोटी असलेलं काचपात्र) हातात धरून थर सुटायची वाट पाहिली आहे त्यांना ही युक्ती साधी वाटेल, आणि मला वाटतं नेमकी म्हणूनच ती हीटलीला सुचली. चेनच्या डोक्यात प्रश्न होता, हा पदार्थ आहे तरी काय? हीटलीच्या डोक्यात होतं, हा या बाटलीतून त्या बाटलीत न्यायचा कसा? कोडं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलं की प्रश्नच बदलतो. एकट्या हुशार माणसाला ते जमणं अवघड, कारण तो फिरून फिरून आपल्याच टेबलाशी येतो.

मोजायची सोयही हीटलीनंच केली. अगारवर (जंतू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर) जंतू पसरायचे, त्यावर दोन्ही तोंडं उघडी असलेल्या बारीक नळ्या उभ्या करायच्या, त्यात नमुना भरायचा आणि दुसऱ्या दिवशी जंतू न वाढलेल्या वर्तुळाचा व्यास मोजायचा. आम्ही आजही पट्टी घेऊन तेच करतो. मोजता येईना तर चेनला काय कळणार, आज माल जास्त निघाला की कमी?

२५ मे १९४० ला आठ उंदरांना मारक जंतू टोचले. चौघांना पेनिसिलीन दिलं, चौघांना नाही. हीटली पहाटेपर्यंत बसून होता. न दिलेले चारही तोवर मेले, दिलेले चारही जिवंत होते. मग माणसांसाठी माल हवा, तर भांडी नाहीत. म्हणून दवाखान्यातल्या बेडपॅनमध्ये बुरशी वाढवली, नंतर त्याच धर्तीची चिनी मातीची भांडी बनवून घेतली. ती सांभाळायला तरुण मुली नेमल्या. १९४१ च्या फेब्रुवारीत पहिला रोगी, एक पोलीस. तो सुधारू लागला, पण औषध संपत आलं. त्याच्या लघवीतून पेनिसिलीन काढून पुन्हा टोचलं, तरी पुरलं नाही. मार्चमध्ये तो गेला.

मग फ्लोरी आणि हीटली अमेरिकेत, पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत गेले. तिथल्या लोकांना किण्वनाचं (आंबवण्याच्या प्रक्रियेचं) ज्ञान होतं. मक्याचा स्टार्च काढताना उरणारं पाणी त्यांनी बुरशीला खायला घातलं आणि उत्पादन कितीतरी वाढलं. ऑक्सफर्डमध्ये हे सुचणं कठीणच. त्यांच्या दारात मक्याचे कारखाने नव्हते.

हे सगळे गुण्यागोविंदानं नांदले असं मात्र समजू नका. चेन आणि हीटलीचं पटत नव्हतं. आपण थेट फ्लोरीच्या हाताखाली काम करू, या अटीवर हीटली राहिला होता. आम्हाला मात्र प्रशिक्षणाच्या नावाखाली एका खोलीत बसवतात, रंगीत चिठ्ठ्या वाटतात आणि सांगतात, नव्या कल्पना हव्यात, सुचेल ते बोला. येल विद्यापीठात १९५८ मध्येच पडताळून झालंय: चौघांनी एकत्र बसून काढलेल्या कल्पनांपेक्षा, एकेकट्या बसलेल्या चौघांच्या कल्पना एकत्र केल्या तर त्या जास्त भरतात. मला याचं नवल वाटत नाही. खोलीत सगळे एकाच कामाचे असले की पहिला बोलतो तेच दुसरा फिरवून बोलतो, आणि तिसरा चहाची वाट बघतो. हीटलीनं चिठ्ठ्या लिहिल्या नाहीत, फनेल धरलं.

१९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेनला मिळालं. एका पारितोषिकात तिघांपेक्षा जास्त माणसं बसत नाहीत. ऑक्सफर्डनं हीटलीला वैद्यकशास्त्राची मानद डॉक्टरेट दिली १९९० मध्ये. तेव्हा तो एकोणऐंशी वर्षांचा होता.

सध्या आमच्याकडे एका शोधनिबंधाचा शेवटचा मसुदा फिरतोय. बुरशी वाढेना तेव्हा मीडियाची (बुरशीच्या खाद्याची) कृती बदलून बघणाऱ्या मुलीचं नाव लेखकांत घालायचं की आभारात, यावर दोन तट पडलेत. मी कुठल्या तटात आहे ते सांगायला नको. सोमवारी पुन्हा बैठक आहे.