शून्य सावली आणि अठरा मिलिमीटर

सव्वाबाराला पेन्सिलनं पहिली खूण केली आणि पोटात गोळा आला. एक मीटर उंचीच्या काठीची सावली पश्चिमेला आठ सेंटिमीटरच्या थोडी पुढे संपत होती, ते बरोबरच होतं. पण टोक आखलेल्या पूर्व-पश्चिम रेघेला जवळजवळ चिकटून असायला हवं होतं, ते दक्षिणेला अठरा मिलिमीटर सरकलेलं. जिन्यात साठेक माणसं ताटकळत उभी, आणि शून्य सावलीला, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होण्याच्या क्षणाला, वीस मिनिटं बाकी.

दादरमधल्या एका शाळेची गच्ची, तारीख १६ मे. मुंबईत हे दिवस उन्हाळी शिबिरांचे, आंब्याच्या पेट्यांचे आणि गच्च्यांच्या वॉटरप्रूफिंगचे. आमच्यासारख्या विज्ञान प्रसाराचं काम करणाऱ्यांचा यातला एक दिवस ठरलेला. तिकीट नाही, दुर्बीण नाही. ऊन आणि एक सरळ उभी वस्तू एवढ्यावर भागतं. सोपं दिसतं म्हणूनच फसतं.

'भर दुपारी सावली पायात येते' असं सगळेच म्हणतात, पण रोज तसं होत नाही. डिसेंबरच्या शेवटी मुंबईत ऐन मध्यान्हीलाही एक मीटरच्या काठीची सावली ९० सेंटिमीटरच्या वर असते. सूर्य बरोबर डोक्यावर यायला त्याची क्रांती (विषुववृत्तापासून तो किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते) आणि आपला अक्षांश सारखे व्हावे लागतात, आणि हे वर्षात दोनदाच जमतं. मेच्या मध्यावर सूर्य रोज साधारण पाव अंशानं उत्तरेला सरकतो. जमिनीवर मोजलं तर शून्य सावलीची रेघ दिवसाला पंचवीस-सव्वीस किलोमीटर वर चढते. पणजीला ती ३ मेच्या आसपास असते, कोल्हापूरला ७च्या, पुण्याला १३-१४ला, मुंबईत १५-१६ला, नाशिकला २०च्या आणि नागपूरला २६च्या सुमाराला. दिल्लीला कधीच पोचत नाही, कारण सूर्य साडेतेवीस अंशांवरूनच मागे फिरतो. कुलाब्याहून दहिसरला जायला या रेघेला दीड दिवस लागतो. धीम्या लोकलपेक्षाही धीमी!

आणि बारा वाजता नाही, १२ वाजून ३५ मिनिटांनी. आपली घड्याळं साडेब्याऐंशी रेखांशाची वेळ दाखवतात आणि मुंबई त्याच्या पावणेदहा अंश पश्चिमेला आहे. अंशाला चार मिनिटं धरली की एकोणचाळीस मिनिटांचा उशीर होतो. जुना 'मुंबई टाइम' प्रमाणवेळेच्या एवढाच मागे असे, आणि शहरात तो १९५५ पर्यंत टिकून होता. मेच्या मध्यावर खरा सूर्य घड्याळातल्या सरासरी सूर्याच्या पावणेचार मिनिटं पुढे असतो, ती वजा केली की पस्तीस उरतात. दर वर्षी कोणीतरी बाराला येतं, अर्धा तास उन्हात उभं राहतं आणि वैतागून साडेबाराला निघून जातं. म्हणून आम्ही लोकांना १२.२०ला जिन्यात जमवतो, १२.२५ला वर घेतो आणि पाऊणला खाली उतरवतो. मेमध्ये गच्चीवर वीस मिनिटं पुष्कळ झाली. चप्पल काढायची नाही, कोबा चटके देतो.

आमचं मुख्य साधन म्हणजे बारा मिलिमीटर जाडीची, एक मीटर उंचीची स्टीलची काठी. ती पायाच्या पत्र्यावर काटकोनात वेल्ड केलेली. पत्र्याखाली तीस सेंटिमीटर अंतरानं त्रिकोणात तीन बोल्ट, आठ एमएमचे. एक फेरा फिरवला की पत्रा तिथे सव्वा मिलिमीटर वर किंवा खाली जातो. पाय तीनच, कारण चार पायांचं काहीही डुगडुगतं. पत्र्याभोवती पांढरा कागद डकवलेला प्लायवूडचा बोर्ड.

हा सगळा खटाटोप गच्चीसाठी. गच्ची कधीच सपाट नसते. पावसाचं पाणी नळीकडे जावं म्हणून कोब्याला साधारण शंभराला एक उतार असतो. तशीच काठी ठेवली तर ती अर्ध्या अंशाहून जास्त कलते आणि सूर्य बरोबर डोक्यावर असतानाही दहा मिलिमीटर सावली उरते. उलट तारीख एका दिवसानं चुकली तर फरक पडतो चार मिलिमीटरचा. एक मिनिट चुकलं तरी चारच. म्हणजे एक अंश कललेली काठी चार दिवसांच्या चुकीएवढी महागात पडते. लोक पंचांगातल्या मिनिटांवरून वाद घालतात आणि काठीकडे कोणी बघत नाही.

आदल्या दिवशी, १५ तारखेला, रंगीत तालीम झाली होती. सूर्य अजून पाव अंश दक्षिणेला होता, त्यामुळे सावलीच्या टोकांची रांग काठीच्या बुंध्याच्या उत्तरेनं चार मिलिमीटरवरून गेली. अगदी हिशोबाप्रमाणे. रात्री सामान खाली नेलं, सकाळी पुन्हा लावलं, आणि आता अठरा मिलिमीटर दक्षिणेला! सूर्य एका रात्रीत पाच-साडेपाच दिवसांची मजल मारत नाही. चूक आमचीच होती. प्रश्न एवढाच, की बोर्ड फिरलाय की काठी कललीय?

दोन्हींची पहिली खूण सारखीच दिसते. दुसऱ्या खुणेला फरक कळतो. बोर्ड फिरला असेल तर सावली आखडेल तशी चूकही त्याच प्रमाणात आखडते. काठी कलली असेल तर चूक तेवढीच राहते. वीस मिनिटं आधी सावली ८३ मिलिमीटर असते, पंधरा मिनिटं आधी ६२. म्हणजे बोर्ड फिरला असता तर १२.२०ला फरक तेरा-चौदावर यायला हवा होता. पाच मिनिटं नुसतं बघत बसणं जिवावर आलं, पण घाईनं बोर्ड फिरवला असता तर दोन चुका झाल्या असत्या. १२.२०ची खूण केली, पट्टी लावली. अठराच. काठी कललेली होती, दक्षिणेला.

पण पत्रा तर सकाळीच लेव्हल केला होता. ते काम ज्या इंजिनिअरिंगच्या मुलाकडे होतं, त्यानं फोन काढून दाखवला. अ‍ॅप शून्य अंश दाखवत होतं. मी तोच फोन जागच्या जागी उलटा फिरवायला सांगितलं, डोकं उत्तरेला आणि चार्जिंगची बाजू दक्षिणेला. आकडा दोनवर गेला. लेव्हल कोणतीही असो, ही परीक्षा घ्यायचीच: एकदा सुलट, एकदा उलट. दोन्ही वेळा आकडा एकच आला तर ठीक, नाही तर दोहोंच्या फरकाचा अर्धा भाग ही चूक. इथे एक अंश. फोन पालथा केल्यावर कारण दिसलं. कॅमेऱ्याचा उंचवटा पाठीतून अडीचएक मिलिमीटर बाहेर आलेला. पंधरा सेंटिमीटरच्या फोनला एक अंश कलवायला तेवढा पुरतो. वर त्या मुलानं अचूक माप यावं म्हणून फोनचं कव्हर काढून ठेवलं होतं. कव्हर असतं तर तो उंचवटा त्यात बुडला असता. फोन सरळ होता आणि पत्रा वाकडा.

आमची बुडबुड्याची लेव्हल खाली दुसऱ्या खोलीत, खोलीला कुलूप, किल्ली शिपाईकाकांकडे आणि शिपाईकाका जेवायला. पलीकडच्या कोपऱ्यात वॉटरप्रूफिंगचं काम चालू होतं. मिस्त्री टाकीच्या सावलीत बसून मघापासून आमची धावपळ बघत होते. तेच उठून आले.

"ताई, काठी ओळंब्यात हाय का?"

गवंड्याचा ओळंबा नीट बघण्यासारखा असतो. दोरीच्या एका टोकाला पितळी लंबक, आणि दोरीत ओवलेला एक लाकडी ठोकळा. ठोकळ्याची रुंदी लंबकाच्या जाडीएवढीच. ठोकळा भिंतीला वर टेकवायचा, दोरी सोडायची. लंबक भिंतीला जेमतेम शिवला तर भिंत सरळ. दाबून बसला किंवा लांब राहिला तर भिंत कललेली. मिस्त्रींनी ठोकळा काठीच्या माथ्याला दक्षिणेकडून टेकवला. खाली लंबक आणि काठी यांच्यात बोट जाईल एवढी फट.

तेवढ्यात पश्चिमेचा वारा. दुपारी समुद्राकडून येतो तो, आणि लंबक हलायला लागला. यावर जुना उपाय आहे, पाण्यात बुडवायचा. पण इथे लंबक काठीला टेकवून बघायचा होता, तिथे बादली कुठे ठेवणार? दोन मुलींनी ओढण्या ताणून आडोसा धरला. मी दक्षिणेकडचा बोल्ट फिरवत गेले. बोल्टांच्या त्रिकोणाच्या २६ सेंटिमीटर उंचीत एक अंश म्हणजे साडेचार मिलिमीटर, म्हणजे साडेतीन फेरे आणि वर थोडं. तीन फेऱ्यांनंतर मिस्त्री "बास, आता हळू" म्हणाले, आणि शेवटचा अर्धा फेरा त्यांनी माझ्याकडून पाव-पाव करून घेतला. मग पूर्वेकडूनही ठोकळा लावून बघितलं. एकाच बाजूनं ओळंबा बघणं ही नेहमीची चूक; दोन बाजू लागतात, एकमेकींना काटकोनात. नंतर बोर्ड जमिनीच्या मानानं तिरका दिसायला लागला. दिसणारच, तिरकी जमीन होती.

१२.२७ झाले होते. माणसं वर घेतली.

१२.३०ची खूण बुंध्यापासून २१ मिलिमीटर पश्चिमेला, रेघेवर. त्यानंतर मी काठी सोडून लोकांना पेल्यांकडे नेलं, कारण काठीची सावली संपताना दिसायला एका वेळी चारच डोकी वाकू शकतात. टेबलावर आम्ही मुद्दाम तीन प्रकार ठेवतो. क्रिकेटचा स्टंप आणि सरळ बाजूंचा डबा यांची सावली खरोखर नाहीशी होते. उपडा ठेवलेला पेला लबाड असतो. त्याचा तळ रुंद, त्यामुळे सावली पंधरा-वीस मिनिटं आधीच त्याच्या अंगाखाली लपते आणि लोक लवकर टाळ्या वाजवतात. आणि सुलट पेला, वर रुंद आणि खाली निमुळता, याची सावली जातच नाही. काठाची सावली बुडाभोवती कडं करून बसते. आधी ते कडं पश्चिमेला जाड असतं, पूर्वेला जवळपास नसतंच. मग ते सरकत सरकत चारी बाजूंनी सारखं होतं. तोच क्षण. मला स्वतःला हा पेला काठीपेक्षा जास्त पटतो, कारण 'नाही' बघण्यापेक्षा 'सारखं' बघणं डोळ्याला सोपं जातं.

शेवटचं साधन म्हणजे तिकाटण्याला ओळंब्यात टांगलेली मीटरभर लांबीची प्लास्टिकची नळी, आतून एक इंच. सहा-सात मिनिटं आधी तिच्या खालच्या कागदावर उजेडाची कोर उगवते, वाढत जाते आणि पूर्ण गोल होते. नळीचं खालचं तोंड कागदापासून दहाच सेंटिमीटरवर ठेवायचं. हे दिसण्यासाठी नाही. जास्त उंच ठेवलं की कोणतंही मूल पहिल्यांदा डोकं खाली घालून नळीतून वर बघतं, आणि वर सूर्य असतो. दहा सेंटिमीटरमध्ये डोकं मावत नाही. सूचना देऊन हे थांबत नाही, अंतरानंच थांबतं.

१२.३५. पेल्याचं कडं सारखं झालं, नळीखाली गोल रुपया उमटला, स्टंप जणू कागदावर चिकटवल्यासारखा दिसायला लागला. छत्री घेऊन आलेल्या आजींनी छत्री मिटली, पाय जुळवून खाली बघितलं आणि "अगंबाई, मी गेलेच की!" म्हणाल्या. मिनिटभरच टिकतं. सूर्याचं बिंब अर्ध्या अंशाचं असल्यामुळे सावलीची कड तशीही धूसर असते, त्या धूसरपणात तेवढं एक मिनिट निभावून जातं. १२.४०ला सावली पूर्वेला २१ मिलिमीटरवर हजर होती.

पाऊणला सगळे खाली पन्ह्याला गेले. पेन्सिलच्या खुणा जोडल्या तर रेघ बुंध्याला एक-दीड मिलिमीटरवरून चाटून गेली होती. पहिल्या दोन खुणा तेवढ्या बाजूला, दक्षिणेला. त्या मी खोडल्या नाहीत. शेजारी 'फोन' असं लिहिलं.

मिस्त्रींनी विचारलं, आता पुन्हा कधी? म्हटलं, २७-२८ जुलै, आणि तेव्हा पस्तीसला नाही, पाऊणला. मधल्या दोन-अडीच महिन्यांत मुंबईत मध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते, उत्तरेच्या खिडक्यांत ऊन येतं. पण जुलैचा कार्यक्रम आम्ही ठेवत नाही, आभाळच नसतं.

"तवा हितं पाणी असंल," ते म्हणाले आणि ओळंब्याची दोरी ठोकळ्याला गुंडाळत आपल्या कोपऱ्याकडे गेले. तिथल्या ओल्या कोब्याला उतार द्यायचा होता.