चौथ्या प्रश्नातला ‘एस’

गठ्ठ्यात इंग्रजीचे ५४ पेपर होते आणि चौथा प्रश्न दहा गुणांचा: दहा वाक्यं, प्रत्येकात कंसातल्या क्रियापदाचं योग्य रूप लिहायचं. असा प्रश्न मी पेपरवार तपासत नाही. सगळ्या गठ्ठ्यातलं एकच वाक्य सलग तपासतो आणि बाजूच्या कागदावर चुकलेल्या उत्तरांच्या रेघा मारत जातो. वेळ थोडा जास्त लागतो, पण कोण चुकलं यापेक्षा काय चुकलं ते दिसतं.

त्या दिवशी तिसऱ्या वाक्याच्या रेघा थांबेनात. ‘द लिस्ट ऑफ बुक्स (बी) ऑन द टेबल.’ ५४ पैकी ३७ जणांनी ‘आर’ लिहिलं होतं. उत्तर ‘इज’, कारण टेबलावर आहे ती यादी. यादी एकच. पुस्तकं कदाचित कपाटात असतील.

याला आपण शिक्षक ठरलेलं कारण देतो: मुलं जवळचा शब्द बघून क्रियापद लावतात. पण दुसरं वाक्य होतं ‘द बुक्स ऑन द टेबल (बी) माइन.’ इथंही क्रियापदाला खेटून भलताच शब्द बसला आहे, ‘टेबल’, एकवचनी. जवळच्या शब्दावरच सगळं ठरत असतं, तर इथं ‘इज’चा पाऊस पडायला हवा होता. चुकले फक्त चार. म्हणजे ओढ दोन्ही बाजूंनी सारखी नाही. अनेकवचनाचा ‘एस’ डोळ्यात भरतो आणि क्रियापदाला खेचतो. एकवचनाला तशी काही खूणच नसते, त्यामुळे ते खेचत नाही.

हे मराठी माध्यमाचं दुखणं समजायचं कारण नाही. कॅथरीन बॉक आणि कॅरल मिलर या संशोधकांनी १९९१ मध्ये इंग्रजी हीच भाषा असलेल्या प्रौढांना ‘द की टू द कॅबिनेट्स’ यासारख्या अर्धवट सुरुवाती देऊन वाक्यं तोंडी पुरी करायला सांगितली होती. एकवचनी कर्त्यानंतर अनेकवचनी नाम आलं की चुका वाढत. उलट रचनेत त्या क्वचितच होत. माझ्या कागदावरच्या ३७ आणि चार रेघा त्याच जातीच्या.

उपाय पेन्सिलीचा आहे. ‘ऑफ’, ‘इन’, ‘विथ’, ‘अलाँग विथ’, ‘ॲज वेल ॲज’ यांपैकी काही दिसलं, की तिथून क्रियापदाच्या अलीकडेपर्यंत आडवी रेघ ओढायची. ‘द लिस्ट’ एवढंच उरतं, मग ‘इज’ आपोआप सुचतं. ‘द टीचर, ॲज वेल ॲज द स्टुडंट्स, इज रेडी’ यात रेघेखाली सगळे विद्यार्थी जातात आणि शिक्षक एकटा उरतो. तिथं ‘अँड’ असता तर ‘आर’ आलं असतं.

मात्र ही रेघ डोळे मिटून ओढली तर फसगत होते. ‘मोस्ट’, ‘सम’, ‘हाफ’, ‘अ लॉट’ यांच्या पुढचा ‘ऑफ’ कापायचा नाही, कारण संख्या त्याच्या पलीकडून ठरते: ‘मोस्ट ऑफ द वॉटर इज’, पण ‘मोस्ट ऑफ द बुक्स आर’. ‘नंबर’ची तर गंमतच आहे. ‘द नंबर ऑफ मिस्टेक्स इज’, कारण बोलणं आकड्याबद्दल चाललंय; ‘अ नंबर ऑफ मिस्टेक्स आर’, कारण इथं ‘अ नंबर ऑफ’ म्हणजे नुसतं ‘बऱ्याच’. एका आर्टिकलवर क्रियापद फिरतं.

खरा चकवा एका मुलीच्या पेपरात निघाला. तिचं तिसरं वाक्य बरोबर, ‘नायदर–नॉर’चं अवघड दहावंही बरोबर. पण पहिल्याच वाक्यात, ‘माय ग्रँडफादर (गो) फॉर अ वॉक एव्हरी मॉर्निंग’, उत्तर ‘गो’. पाचव्यात ‘अवर डॉग (बार्क) ॲट स्ट्रेंजर्स’ला ‘बार्क्स’, अगदी चोख. सातव्यात ‘द प्रिन्सिपल (वाँट) टू सी यू’ला परत नुसतं ‘वाँट’. म्हणजे तृतीयपुरुषी एकवचनाचा ‘एस’ तिला येत होता, आणि तरी दोनदा गाळलेला होता. तीनही उत्तरं शेजारी ठेवून मराठीत मोठ्यानं वाचली तेव्हा उलगडा झाला. आजोबा फिरायला जातात. कुत्रा भुंकतो. मुख्याध्यापक बोलावतात.

पोरीनं आजोबांना आदरार्थी बहुवचन दिलं होतं! कुत्र्याला अर्थातच नाही.

गुण कापावेच लागले, कारण इंग्रजी क्रियापद मान-अपमान जाणत नाही. आजोबाही ‘गोज’ आणि कुत्राही ‘गोज’. पण या चुकीवर ‘एस’ विसरलीस असा शेरा मारणं म्हणजे ताप असलेल्याला मलमपट्टी करणं. तिला सांगायची गोष्ट वेगळी: आदर ‘मिस्टर’मध्ये, ‘सर’मध्ये, बोलण्याच्या सुरात दाखवायचा, क्रियापदात नाही. याला इंग्रजीत एक जुना अपवाद मात्र शिल्लक आहे. ‘यू’ हे मुळात अनेकांसाठीचं रूप. एकट्याला ‘दाऊ’ म्हणत. पुढे मानासाठी एकट्यालाही ‘यू’ म्हणायची पद्धत पडली, आणि सगळ्यांनाच मान देता देता ‘दाऊ’ वापरातून गेलं. समोर एकच माणूस असला तरी आपण ‘यू आर’ म्हणतो, ‘यू इज’ नाही, ते त्या आदरार्थी बहुवचनामुळे.

तसाही ‘एस’ या अक्षराचा मुलांवर अन्यायच आहे. नामाला लागला तर अनेक, क्रियापदाला लागला तर एक. त्यामुळे ‘बॉईज प्लेज’ लिहिणारा मुलगा त्याच्या परीनं सुसंगत असतो. दोन्हीकडे एकाच ‘एस’चं राज्य नाही हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्यात मराठी क्रियापद कधी कर्माचंही ऐकतं, ‘तिनं कागद फाडला’, ‘तिनं चिठ्ठी फाडली’. इंग्रजी क्रियापद कर्माकडे ढुंकूनही बघत नाही.

दहावं वाक्य, ‘नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स (बी) रेडी’. रेघ ओढायला शिकलेली मुलं इथं अडखळतात, कारण इथं जवळचाच शब्द धरायचा असतो: ‘स्टुडंट्स आर’. क्रम उलटा केला तर ‘टीचर इज’. ‘आयदर ही ऑर आय’ आलं तर नियमानं ‘ॲम’, पण कानाला ते खडखडतं. अशा वेळी वाक्यच बदलून लिहावं.

नववं वाक्य मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. ‘शी इज वन ऑफ द गर्ल्स हू (सिंग) वेल.’ उत्तरसूचीत ‘सिंग्ज’ होतं. ५४ पैकी दोघांनी ‘सिंग’ लिहिलं होतं. आधी दोन्हींवर काट मारली आणि मग हात थांबला. ‘हू’ कोणाबद्दल आहे? वाक्य फिरवून बघितलं: ‘ऑफ द गर्ल्स हू सिंग वेल, शी इज वन.’ चांगल्या गाणाऱ्या मुली अनेक, त्यांतली ही एक. गातात त्या मुली, म्हणून ‘सिंग’. व्याकरणाच्या काटेकोर हिशेबानं ते दोघंच बरोबर होते आणि उत्तरसूचीसह बाकीचा वर्ग चूक.

पेपर काढणाऱ्या सहकाऱ्याशी यावर बरंच झालं. त्याचं म्हणणं, लक्ष ‘वन’वर आहे आणि चांगले लेखकही तिथं एकवचन वापरतात. तेही खोटं नाही. एकवचन सर्रास छापलेलं दिसतं. शेवटी दोन्ही उत्तरांना गुण द्यायचे ठरलं, त्या दोघांच्या पेपरांवरची काट खोडून सही केली, आणि पुढच्या चाचणीच्या कच्च्या प्रतीत ‘वन’च्या आधी ‘द ओन्ली’ घातलं. ‘द ओन्ली वन ऑफ द गर्ल्स हू’ म्हटल्यावर गाणारी एकटीच उरते, आणि ‘सिंग्ज’शिवाय दुसरं उत्तर राहत नाही.